पटावरचं नाव आणि सात-बारावरचं नाव

(कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या पालक मेळाव्यात संघटनेच्या एका तरुण कार्यकर्तीनं केलेलं हे भाषण. अनेक गावांतून मागणी आली म्हणून इथं छापत आहोत.)

माय-मावश्यांनो, काका-बाबांनो, आणि शाळेला सुट्टी घालून आलेल्या बहीण-भावांनो,

मी बारावीपर्यंत शिकले, तेही आश्रमशाळेत राहून. वकील नाही, मास्तरीण नाही. संघटनेनं सांगितलं, 'शाळेतली शिक्षा आणि पोरांचे हक्क यावर तू बोल.' म्हणून उभी आहे. जमिनीच्या लढाईत शाळेचं काय काम, असं कोणाला वाटेल. माझीच गोष्ट सांगते, म्हणजे समजेल.

२०१० चा हिवाळा. मी सातवीत होते. आमच्या जबरानजोतीच्या वनहक्क दाव्याची पाहणी होती. वनहक्क समिती, तलाठी, वनरक्षक सगळे शेतात येणार होते. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी निरोप धाडला, 'पोरगी घरी पाहिजे, कागदावर काय लिहिते ते तिनं वाचून सांगावं.' माझा मावसभाऊ माझ्याच वर्गात. त्याच्याही घरचा दावा होता. आम्ही दोघं तीन दिवस गावी राहिलो. टेप धरला, धुऱ्याच्या खुणा वहीत उतरवल्या.

परत गेलो तर प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर अंगठे धरून उभं केलं. वरून ऐकवलं, 'जंगल चोरायले गेलते काय?' मी रडून माफी मागितली. मावसभाऊ म्हणाला, 'आमचंच वावर हाय, चोरी कायची?' झालं. उलट बोलतो, शिस्त मोडतो म्हणून त्याला सांगितलं, 'बापाले घेऊन ये अन् दाखला घेऊन जा.' बाप आला, हात जोडले, दाखला घेऊन गेला. मावसभाऊ पुन्हा शाळेत गेला नाही. आज तो वीटभट्टीवर जातो. शाळा कोणती ते सांगत नाही, कारण असं एकाच शाळेत होत नाही.

त्या दिवशी शिक्षण हक्काचा कायदा लागू होऊन आठ महिने झाले होते. आम्हाला माहीत नव्हतं. बापालाही माहीत नव्हतं. आज तुम्हाला माहीत व्हावं म्हणून हे बोलते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. लागू झाला १ एप्रिल २०१० ला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक लेकरासाठी. त्यातली चार कलमं पाठ करा.

कलम १७. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. जो देईल त्याच्यावर त्याच्या सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. ऐकलं ना बाप्पा? या कलमात शिस्तभंग होतो तो मारणाऱ्याचा, मार खाणाऱ्या पोराचा नाही.

कलम १६. आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

कलम ५. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचं असेल तर मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा. अडवून ठेवायचा नाही. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश नाकारायचा नाही.

कलम ४. ज्याची शाळा सुटली त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, आणि मागं पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. वीटभट्टीवरून परत आलेल्या पोरांसाठी हे कलम आहे.

नववी-दहावीची, अकरावी-बारावीची पोरं म्हणतील, आमचं काय? १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी २०१५ चा बाल न्याय अधिनियम आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच त्याला मारलं, छळलं, तर कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि जातीवरून चारचौघांत अपमान केला तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहेच. तो खोटा वापरायचा नाही. पण खरं घडलं असेल तर भ्यायचंही नाही.

कोणी म्हणेल, कायद्यानं पोरं शेफारतील. शिस्त पाहिजे, मीही म्हणते. वेळेवर उठणं, अभ्यास करणं, दुसऱ्याला त्रास न देणं ही शिस्त. पण शिस्तीला नियम लागतो, आणि नियमाला कायद्याचा आधार लागतो. १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं. ती राष्ट्रगीताच्या वेळी मानानं उभी राहायची, पण धर्मामुळं गात नव्हती. मामला सुप्रीम कोर्टात गेला. ऑगस्ट १९८६ मध्ये कोर्टानं सांगितलं, पोरांना परत घ्या. ज्या परिपत्रकावर शाळा बोट ठेवत होती त्याला कायद्याचं बळ नाही, असंही म्हटलं. खात्याचं परिपत्रक टिकलं नाही, तर एका अधीक्षकाचा तोंडी हुकूम कसा टिकेल?

आपल्या बिरसाचंच पाहा. तो चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकत होता. मुंडा सरदार जमीन परत मागत होते, आणि मिशनरी त्यांना वाईट बोलले. बिरसानं उलट उत्तर दिलं. त्याला शाळेतून काढलं. जमिनीबद्दल बोलणारं पोरगं शाळेला जड होतं, हे तेव्हापासूनचं आहे.

आता श्रमाचं. शिक्षा म्हणून आपल्या पोरांना संडास धुवायला लावतात, साहेबाच्या घरचं पाणी भरायला लावतात. विचारलं तर म्हणतात, हा गांधीजींचा जिल्हा, श्रमाची लाज कशाला? गांधीजींची नई तालीम याच जिल्ह्यातली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात परिषद भरली, पुढं सेवाग्रामात शाळा चालली. हातानं काम करत शिकायचं, आणि झाडू गुरुजींच्याही हातात. सगळ्यांनी मिळून केलं तर तो श्रम. एकट्या आदिवासी पोराला अद्दल म्हणून लावलं तर तो कलम १७ मधला त्रास आहे.

एक गोष्ट आपल्या घरची. कापूस वेचायच्या दिवसांत आपणच पोरांना महिना-महिना घरी ठेवतो. मग शाळेनं पट कमी दाखवला तर बोलायला तोंड राहत नाही. दाव्याच्या कामासाठी दोन दिवस ठेवायचं असेल तर आधी अर्ज द्या, नक्कल जवळ ठेवा. चांगले गुरुजीही आहेत. माझी बारावी एका मॅडममुळं झाली. त्यांना आपल्या बाजूला घ्या. मास्तराच्या अंगावर धावून जायचं नाही.

मग करायचं काय? वनहक्काच्या दाव्यात जे शिकलो तेच. दावा नामंजूर म्हणून तोंडी सांगितलं की आपण काय म्हणतो? कारण लेखी द्या. लेखी हाती आलं की ६० दिवसांत अपील करतो. तसंच इथं. 'पोराचं नाव कमी केलं' म्हटलं की म्हणा, 'लिहून द्या, कोणत्या कलमाखाली ते लिहा.' आपल्या हातानं दाखला मागायचा नाही, कोऱ्या अर्जावर अंगठा द्यायचा नाही. माझ्या मावसानं तिथंच चूक केली. कागदावर असं दिसलं की पालकानं स्वतःहून पोराला नेलं.

घडलं ते तारखेसकट लिहा. अर्ज पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्याला द्या. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकासच्या प्रकल्प अधिकाऱ्यालाही द्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. कायद्याप्रमाणे तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे. नाही पटला तर राज्याच्या बाल हक्क आयोगाकडं जाता येतं. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असतात. ज्या बाया वनहक्क समितीत बोलतात त्यांनी तिथंही बोलावं.

शेवटचं. आपल्याच भागातल्या एका शाळेत सातवीतल्या दोन पोरांना 'मोर्चाले गेले' म्हणून दाखला घेऊन जा असं सांगितलं आहे. त्यांचे बाप इथंच बसले आहेत. सोमवारी अकरा वाजता आपण त्यांच्यासोबत शाळेत जाणार. घोषणा द्यायच्या नाहीत. एकच कागद मागायचा, काढल्याचा लेखी हुकूम. माझा मावसभाऊ त्या दिवशी भट्टीवर जाणार नाही. तो येतो म्हणाला आहे.

सात-बारावर नाव चढावं म्हणून आपण इतकी वर्षं लढतो. पटावरचं नाव फुकटात जाऊ द्यायचं नाही.

जय सेवा! जिंदाबाद!

(ता.क. : सोमवारी पंधरा पालक शाळेत गेले. लेखी हुकूम मागितला, तो मिळाला नाही. दोन्ही मुलं त्याच दिवशी वर्गात बसली. पंचायत समितीतल्या अर्जाची पोच पालकांकडे आहे.)