आईकडचा धागा आणि अख्खी गोधडी

(घोडेगाव येथे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बचत गटांच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही की शास्त्रज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर गेली दहा-अकरा वर्षं या दोन तालुक्यांत काम करते. डी.एन.ए.वर मी वाचायला लागले ते एका मुलीमुळे.

ती भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीतली. आई महादेव कोळी. वडील बिगर-आदिवासी समाजातले, मुलगी दोन वर्षांची असताना सोडून गेले. आई माहेरी आली. हिरडा गोळा करून, भातलावणीला जाऊन तिने मुलीला वाढवलं. आता मुलीला नर्सिंगला जायचंय आणि जमातीचा दाखला हवाय. एका कार्यालयात तिला सांगितलं, "बापाची कागदं आण." बापाचा पत्ता नाही, आणि असता तरी त्याची कागदं तिच्या उपयोगाची नव्हती. ती मला म्हणाली, "ताई, आता रक्त तपासून समदं कळतं म्हणत्यात. माझ्यात आईचं रक्त हाये हे दावलं तर दाखला मिळंल का?"

प्रश्न साधा, पण मला उत्तर येत नव्हतं. मग वाचत गेले, जाणकारांना विचारत गेले.

आपल्या पेशींमध्ये डी.एन.ए. दोन ठिकाणी असतो. एक मोठा, सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. तो निम्मा आईकडून येतो, निम्मा बापाकडून. दुसरा अगदी चिमुकला, जेमतेम साडेसोळा हजार अक्षरांचा. पेशीला शक्ती पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे कण असतात, त्यांच्यात तो असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. माहेरून आणलेल्या विरजणासारखा. आजीने आईला दिलं, आईने मला दिलं, मी माझ्या लेकीला. मुलगाही तो आईकडून घेतो, पण त्याच्या पोरांना देऊ शकत नाही. म्हणजे जिला नुसते मुलगेच आहेत, तिचा हा धागा तिच्यापाशी संपला! मुली झाल्या म्हणून ज्यांनी टोमणे खाल्ले, त्यांनी हे सासूबाईंना जरूर सांगावं. (हशा) पण फार हुरळून जाऊ नका, कारण तिचा मोठा डी.एन.ए. मुलांतून पुढे जातोच. वंश बुडाला असं पूर्वी म्हणणं जेवढं खुळेपणाचं होतं तेवढंच आताही आहे.

दहा पिढ्या मागे जा. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, असं करत दहाव्या पिढीला १०२४ पूर्वज होतात. त्यांतल्या काही जागी तीच माणसं पुन्हा येतील, ते सोडून द्या. आईकडचा धागा त्यांतल्या एकाच बाईचं सांगतो. बाकीच्या पाचशे अकरा बायांचं आणि सगळ्या पुरुषांचं त्याला काही माहीत नाही. मोठा डी.एन.ए. गोधडीसारखा. त्यात पुष्कळ जणांची ठिगळं असतात, पण कुठलं ठिगळ कुणाच्या लुगड्याचं, हे सहजी सांगता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ दोन्ही तपासतात आणि ताडून बघतात. दोघांची साक्ष जुळत नाही तिथेच खरी गोष्ट असते.

आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. कोकणात अलिबागकडचे बेने इस्राएल, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणायचो, घरात मराठी बोलणारे. २०१६ साली त्यांच्या अख्ख्या डी.एन.ए.चा अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिम आशियातल्या ज्यूंचा वाटाही निघाला आणि इथल्या लोकांचाही. हे मिश्रण सुमारे साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचं असावं, असा त्यांचा अंदाज. नुसता आईकडचा धागा पाहिला असता तर तो बहुतेक इथलाच दिसला असता, आणि 'हे बाहेरचे नाहीतच' असं कुणी म्हटलं असतं. नुसता बापाकडचा पाहिला असता तर नेमकं उलटं. दोन्ही मिळून कळतं की आलेले मुख्यतः पुरुष होते आणि त्यांचे संसार इथल्या बायांनी उभे केले.

शास्त्रज्ञांच्या लेखात याला एक कोरडा शब्द आहे, 'लिंगभेदी मिश्रण'. मी तो वाचला आणि थांबले. त्या बाया राजीखुशीने गेल्या, की कुणी दिल्या, विकल्या, ओढून नेल्या? डी.एन.ए. याचं उत्तर देत नाही. तो फक्त एवढंच म्हणतो की त्या होत्या. ज्यांचं नाव कुठल्याही वंशावळीत नाही अशा बायांची ही एवढीच नोंद.

भारतभर हेच थोड्याफार फरकाने दिसतं. आईकडचे बहुतेक धागे या मातीत हजारो वर्षं मुरलेले आहेत. निम्म्याहून जास्त लोकांत 'एम' नावाच्या एकाच मोठ्या घराण्याचा धागा सापडतो. ब्राह्मण, मराठा, दलित, आदिवासी, सगळ्यांत.

मग मिसळणं थांबलं कधी? हैदराबाद आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली ७३ समाजगटांच्या अख्ख्या डी.एन.ए.वरून सांगितलं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत लोक मोठ्या प्रमाणात मिसळत होते, आणि मग जो तो आपापल्या जातीत लग्न करू लागला.

एकोणीसशे वर्षांपूर्वी म्हणजे सातवाहनांच्या काळात, आणि तो काळ तर आपल्या दारात आहे. नाणेघाट जुन्नर तालुक्यात. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत, म्हणजे माणसं लांबून येत होती. त्या राजांची नावं आठवा: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. आईच्या नावाने! शाळेत हे शिकताना मला फार बरं वाटायचं. पण गादी मुलालाच मिळत होती, हे विसरू नका. आणि नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाची थोरवी सांगते, त्यात चार वर्णांचा संकर त्याने थांबवला हेही मोठेपणाने सांगते. आईचं नाव लावणाऱ्या राजाची ही कामगिरी, आणि ती सांगणारी त्याची आईच. एका राजाने जाती बंद केल्या असं मी म्हणत नाही. पण बाईला कुणाशी लग्न करू द्यायचं नाही, यावरच जात उभी राहते, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात मांडलं होतं. डी.एन.ए. तपासायची सोय त्यांच्याकडे नव्हती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. रक्त तपासून दाखला मिळणार नाही. तिच्या आईचा धागा आणि माझ्या आईचा धागा एकाच घराण्याचा निघू शकतो, आणि मी आदिवासी नाही. अख्खा डी.एन.ए. तपासला तरी प्रयोगशाळा एवढंच सांगेल की आमच्याकडच्या नमुन्यांपैकी अमुकांशी तुमचं इतकं साम्य आहे. 'महादेव कोळी' असं डी.एन.ए.त कुठेही लिहिलेलं नसतं. आणि उद्या तसं यंत्र निघालं असं कुणी म्हणालं, तर मला आनंद होणार नाही, भीती वाटेल. नाक मोजून माणसाची प्रत ठरवणारे साहेब आपल्याकडे होऊन गेलेत.

दुसरी भीती खास बाईची आहे. आईकडचा धागा बापाबद्दल काही बोलत नाही, पण अख्खा डी.एन.ए. बोलतो. मूल कुणाचं, हे त्यातून उघड होऊ शकतं. म्हणून वस्तीवर कुणी थुंकी किंवा रक्ताचे नमुने घ्यायला आलं, तर काय तपासणार, नमुना कुठे ठेवणार, निकाल आम्हाला मराठीत सांगणार का, हे विचारा. सरपंचाने हो म्हटलं, नवऱ्याने हो म्हटलं, तरी तुमचं 'नाही' हे नाहीच राहतं. अशा अभ्यासांच्या मी विरोधात नाही. त्यांच्यामुळेच आज मी हे बोलू शकले. पण सही तुमची आहे.

मग मुलीने काय करायचं? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गुजरातच्या रमेशभाई नायका यांच्या खटल्यात सांगितलंय की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात बापाचीच असं सरसकट धरता येणार नाही. आई आदिवासी असेल, मूल तिच्या समाजात वाढलं असेल, त्या समाजाने त्याला आपलं मानलं असेल, तर तसा पुरावा देण्याचा हक्क आहे. पुरावा मात्र द्यावा लागतो, आणि आपल्याकडे तो कडक तपासतात. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात खोट्या महादेव कोळी दाव्याचाच प्रश्न होता. पडताळणी समित्यांची आजची पद्धत त्यातून आली. बनावट दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा गेल्या, त्यामुळे तपासणीला माझा विरोध नाही. पण "बापाची कागदं आण" म्हणून बाईला दारातूनच परत पाठवणं ही तपासणी नव्हे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग बापाचं, असं राज्य सरकारने ठरवलंय. चांगलं झालं. आमची मुलगी त्याच्या खूप आधी जन्मली. तिच्या आईचे वडील चौथीपर्यंत शिकले होते. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या नोंदीला पडताळणीत मोठं वजन असतं, आणि त्यांचं नाव त्याआधीच शाळेत दाखल झालेलं, असं आजी सांगते. शाळेचं जुनं रजिस्टर कपाटात आहे, पण किल्ली असलेले गुरुजी रजेवर होते. सोमवारी मी, ती आणि तिची आई पुन्हा जाणार आहोत. कुणाला बरोबर यायचं असेल तर सकाळी आठच्या एस.टी.ला घोडेगाव स्टँडवर भेटा.