घरातील अडगळ आणि घरची शोभा

(मंडळाच्या यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला 'गृहसजावट' या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, माझ्या दोन खोल्या नि एक स्वयंपाकघर. तेथे सजावट ती काय करणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हीच बोला. सहा खोल्यांच्या घराविषयी बोलणारे पुष्कळ आहेत." तेव्हा पडदे, गालिचे आणि फुलदाण्या यांविषयी ऐकण्याच्या अपेक्षेने ज्या आल्या असतील, त्यांची मी आधीच क्षमा मागते. मला बोलावयाचे आहे ते अडगळीविषयी. आणि त्यातही माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी.

माझे माहेर नायगावच्या बी.डी.डी. चाळीतले. १६० चौरस फुटांची एक खोली आणि आम्ही माणसे नऊ. सकाळी अंथरुणांच्या वळकट्या पोटमाळ्यावर जात, जेवणे झाली की पाट भिंतीशी उभे राहत, आणि कपडे खुंटीवर किंवा वलणीवर. खाली पडलेला कपडा आईच्या दृष्टीस पडला की तो कोणाचा हे विचारण्याआधीच धपाटा बसे. हे सारे आईच्या शिस्तीमुळे, असे मी पुष्कळ वर्षे समजत होते. शिस्त होतीच, पण आता वाटते, खरे कारण निराळे होते. साठवावे इतके घरात काही येतच नव्हते. डबा रिकामा झाला तर त्यात दुसरे काही भरायचे, लुगडे फाटले तर त्याची गोधडी, आणि गोधडी विरली की पायपुसणे. वस्तू घरातून बाहेर जाण्याआधी तिचे चार जन्म होत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मला फार आनंद झाला. पण लगेच मनात आले, की या बायकांना कोणीतरी आधीच सांगून ठेवावे: बायांनो, जागा वाढली की सामान तिचा वास काढीत येते!

आमचे तसेच झाले. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही परळहून डोंबिवलीस आलो. मोठे घर मिळाले, म्हणून काहीच टाकले नाही. 'कधीतरी लागेल' हा आपला मंत्र आहे. रिकाम्या बरण्या, मिठाईचे खोके, बिघडलेला मिक्सर, मुलांच्या जुन्या वह्या, तीन-तीन कॅलेंडरे, आणि लग्नामुंजीत आलेली खणांची चळत. त्या खणांचे तर विचारूच नका. मी दिलेला खण सात घरे फिरून माझ्याच ओटीत परत आलेला मी पाहिला आहे. खिडकीसमोर लोखंडी कपाट होते, कारण दुसरीकडे त्याला जागा नव्हती. चौदा वर्षे ती खिडकी आम्ही उघडली नाही. दिवसा दिवा लावून भाजी चिरावी लागे, पण त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नव्हते.

२०१६ च्या जुलैमध्ये, रात्री अडीचच्या सुमारास, सासूबाई मोरीकडे जावयास उठल्या आणि बोळात ठेवलेल्या रद्दीच्या गठ्ठ्याला अडखळून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. तो गठ्ठा मीच तेथे ठेवला होता. रद्दीवाला रविवारी येणार होता, तो आला नाही, मग पुढच्या रविवारी देऊ, असे करता करता महिना झाला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "आजी कशाला अडखळल्या?" मी उत्तर दिले तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते लिहून घेतले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

शस्त्रक्रिया झाली, आणि आई घरी आल्या त्या वॉकर घेऊन. वॉकर दोन फूट रुंद आणि आमच्या बोळात वाट दीड फूट! आमच्या गृहसजावटीचा आरंभ हा असा झाला. सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती. आजारी माणसाला मोरीपर्यंत जाता यावे एवढाच प्रश्न होता.

आठ दिवस मी कंबर कसून लागले. बोळ मोकळा केला. घसरणाऱ्या सतरंज्या काढल्या. मोरीच्या वाटेवर रात्रभर जळणारा लहान दिवा लावला. कपाट हलविले आणि खिडकी उघडली. मग मला जोरच चढला. बोहारणीला साड्या दिल्या, भंगारवाल्याला तीन वेळा बोलाविले. माळ्यावर आईंची एक पत्र्याची ट्रंक होती, गंजलेली. आई खाटेवर, त्यांना उठता येत नव्हते, विचारावयास जावे तर नाही म्हणतील. म्हणून मी ती न विचारताच दिली.

चार दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. "अगं, माळ्यावरच्या ट्रंकेत एक चपटा डबा आहे, तो जरा दे गं काढून." मी गप्प उभी राहिले. त्यांना कळले. तो माझ्या सासऱ्यांचा गिरणीत न्यायचा डबा होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर मामंजी पुन्हा कधीच पाळीवर गेले नाहीत. शेवटच्या पाळीचा तो डबा आईंनी घासून, कोरडा करून, ट्रंकेत ठेवला होता. चौतीस वर्षे. मी भंगारवाल्याच्या गोदामापर्यंत धावत गेले, पण तोपर्यंत तेथला माल पुढे गेलेला.

आई मला रागावल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्या वस्तू लपवू लागल्या. औषधांच्या रिकाम्या बाटल्या, प्लास्टिकच्या पिशव्या, दोऱ्याची गुंडाळी, सारे उशीखाली. मला वाटले वय झाले. पुढे लक्षात आले की तसे नव्हते. आपल्या वस्तूला या घरात धनी राहिला नाही असे वाटले, की माणूस चिंधीसुद्धा मुठीत धरून ठेवते.

भगिनींनो, अलीकडे या विषयावर पुस्तके निघतात. जपानच्या मारी कोंडो बाईंचे पुस्तक २०११ साली निघाले आणि जगभर वाचले गेले. वस्तू हातात घ्या, तिने आनंद होतो का पाहा, नाही तर तिचे आभार मानून निरोप द्या, असे त्या सांगतात. कल्पना चांगली आहे, पण माझ्या पोळपाटाने मला कधी आनंद दिल्याचे स्मरत नाही, तरी त्याला निरोप देता येत नाही. (तिसरे मूल झाल्यावर घर आवरण्याचा आग्रह आपणही बराच सोडला, असे त्याच बाईंनी २०२३ साली सांगितले. त्या दिवशी मला त्या फार जवळच्या वाटल्या.) अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील संशोधकांनी ३० नोकरदार जोडप्यांना आपापले घर दाखवीत त्याचे वर्णन करावयास लावले, आणि ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल त्यांच्या लाळेत मोजले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले. ज्या बायका पसारा, अर्धवट राहिलेली कामे, अशा शब्दांत घराविषयी बोलल्या, त्यांचे कॉर्टिसॉल दिवसभरात जसे उतरावयास हवे तसे उतरत नव्हते. नवऱ्यांच्या बाबतीत तसे आढळले नाही. यावर आपण सगळ्या हसलात, म्हणजे पुराव्याची आणखी गरज नाही! मात्र पसाऱ्याने मन थकते की थकलेल्या मनाने पसारा वाढतो, हे त्यावरून ठरत नाही. माझ्या अनुभवाने दोन्ही खरे.

शरीराला होणारा त्रास तर उघडच आहे. खोक्यांच्या आणि रद्दीच्या सांदीत झुरळे होतात, आणि त्यांच्यामुळे दम्याच्या रोग्याला दमा उसळतो. गॅलरीत ठेवलेल्या फुटक्या बादलीत, कुंडीखालच्या ताटलीत पावसाचे स्वच्छ पाणी साचले की डेंगीचा डास तेथे अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस ही सारी भांडी पालथी करून कोरडी करावीत. आपण दसरा-दिवाळीला जळमटे काढतो, लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो. पण डास काही दिवाळीपर्यंत थांबत नाही.

आता पुन्हा आईंकडे येते. मी एक नेम धरला. दुपारचा चहा झाला की माळ्यावरची एकच वस्तू खाली काढायची आणि त्यांच्या हातात द्यायची. ठेवायची की नाही ते त्यांनी सांगायचे. पहिले पंधरा दिवस सगळे परत माळ्यावर गेले. मला मनातून चीड येई, पण मी बोलले नाही. मग एकदा शेवयांचा पाट हातात घेऊन तासभर त्या माहेरच्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "दे समोरच्या सूनबाईला, ती करते शेवया." मला वाटते, वस्तू सोडण्याआधी तिची गोष्ट कोणीतरी ऐकून घ्यावी लागते. वर्षभरात अर्धा माळा रिकामा झाला, आणि त्यातली एकही वस्तू मी टाकली नाही. साऱ्या त्यांनीच दिल्या.

आईंची खाट आम्ही त्या उघडलेल्या खिडकीशी नेली. बसल्या जागी हात पोचेल अशी एक फळी ठोकली. तिच्यावर पोथी, चष्मा, अडकित्ता आणि मामंजींचा फोटो. पूर्वी तो फोटो पार छताजवळ टांगलेला होता; आता डोळ्यांसमोर आला. शोकेसमधले पाहुण्यांचे कप काढून आम्ही रोज वापरू लागलो. दोन फुटले. फुटेनात. भिंतीला फिका पिवळा रंग दिला, आणि तिच्यावर एकच कॅलेंडर. एवढीच आमची सजावट. पण सकाळच्या उन्हात त्या लसूण सोलीत बसत, खाली खेळणाऱ्या मुलांना नावे घेऊन हाका मारीत. उशीखालच्या बाटल्या कधी गेल्या ते मला कळलेही नाही. २०२१ मध्ये त्या गेल्या, त्याच खाटेवर, खिडकी उघडी असताना. डब्याविषयी त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. मी मात्र अजून भंगाराची हातगाडी दिसली की वाकून पाहते.

शेवटी एक विनंती, जरा आगाऊपणाची. मागल्या वर्षी मी संक्रांतीची अकरा हळदीकुंकवे केली आणि घरी आल्या प्लास्टिकच्या अकरा डब्या, त्यांतल्या चारांना झाकणे बसत नव्हती. आपण प्रेमाने लुटतो ते वाण दुसरीच्या माळ्यावर जाऊन बसते. म्हणून यंदा माझे वाण निराळे आहे. आईंच्या ज्या सुती साड्या मी कोणाला दिल्या नव्हत्या, त्यांच्या भाजीच्या पिशव्या शिवून आणल्या आहेत. चौतीस झाल्या आहेत आणि आपण आज पुष्कळजणी आहोत, तेव्हा ज्यांच्या घरी कापडी पिशवी आधीच असेल त्यांनी कृपा करून घेऊ नये. तिळगूळ मात्र सर्वांना पुरेल इतका आहे.