स्वसंरक्षण आणि मनाची सूचना



स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. घाव पडेपर्यंत थांबावे, असे कायदा सांगत नाही. धमकी वा प्रयत्नामुळे इजेची वाजवी भीती उत्पन्न होताच हा हक्क सुरू होतो, असे कलम ४० म्हणते. बळ मात्र बचावापुरतेच वापरावे.

मनाला ही भीती आधी कळते. एखादी विद्यार्थिनी म्हणते, ‘त्या घरी मला जायचे नाही.’ कारण तिला सांगता येत नाही, आणि आपण तिला सभ्यपणा शिकवतो! कराटेचे वर्ग अवश्य चालवावेत. पण प्रथम तिचे ऐकावे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ११२ व १०९८ हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत, हा ठराव येत्या ग्रामसभेत मांडता येईल.