रवांडाच्या संसदेतल्या राखीव जागा



संसदेत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त.
असा देश आहे का?
आहे. आफ्रिकेतला रवांडा.

१९९४ मध्ये तिथे भीषण वंशसंहार झाला.
देश नव्याने उभा करायचा होता.
२००३ मध्ये नवी राज्यघटना आली.
निर्णयाच्या पदांवर किमान ३० टक्के स्त्रिया हव्यात, असं तिने ठरवलं.

संसदेच्या कनिष्ठ सभागृहात जागा ८०.
त्यातल्या २४ फक्त स्त्रियांसाठी.
या जागांसाठी सगळी जनता मत देत नाही.
स्थानिक परिषदा आणि महिला परिषदांचे सदस्य मत देतात.

आता नीट ऐका.
राखीव जागा २४.
पण २००८ मध्ये निवडून आल्या ४५ स्त्रिया.
म्हणजे निम्म्याहून जास्त!
जगात हे पहिल्यांदाच घडलं.
राखीव जागांपलीकडच्या बहुतेक जणी पक्षांच्या सर्वसाधारण यादीतून आल्या.
आरक्षणाने दार उघडलं. पुढे त्या स्वतः चालत गेल्या.

त्याच वर्षी कौटुंबिक आणि लैंगिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला.
पुढाकार महिला खासदारांचा होता.

अर्थात, नुसती संख्या म्हणजे सत्ता नव्हे.
रवांडात आजही खरी सूत्रं राष्ट्राध्यक्षांच्या हाती आहेत.
म्हणून जागा हवी, आणि अधिकारही हवा.

आपल्या महाराष्ट्रातही ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.
तेव्हा श्रोतेहो, पुढच्या ग्रामसभेला जरूर जा.
सरपंच बाई असतील, तर प्रश्न त्यांनाच विचारा.
त्यांच्या यजमानांना नको.