शिपाई, गाणे आणि एक थट्टा
(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



दूरचित्रवाणीवरील गाण्याची स्पर्धा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. घराघरांतील शुभंकरोतीची वेळ ज्या पेटीने गिळून टाकली, तिच्याविषयी आपल्या परिवारांत तक्रारीच अधिक. आणि त्यांतील पुष्कळशा रास्तही आहेत. तथापि २००७ साली अशाच एका स्पर्धेच्या निमित्ताने जे घडले, ते करमणुकीच्या पानावर सोडून देण्यासारखे नव्हते.

‘इंडियन आयडॉल’चा साचा आपला नव्हे. सायमन फुलर या इंग्रज निर्मात्याची ही कल्पना. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पॉप आयडॉल’ म्हणून ती पडद्यावर आली, दुसऱ्याच वर्षी अमेरिकेने उचलली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सोनी वाहिनीने तिचा भारतीय अवतार आणला. गाण्याच्या स्पर्धा आपल्याला अपरिचित होत्या असे नाही. झी वाहिनीवर १९९५ पासून ‘सारेगम’ चालू होते आणि तेथे संगीतातील जाणत्यांच्या शब्दाला वजन होते. आयडॉलने जाणत्याच्या हातातील तराजू काढून मोबाइलधारकाच्या हाती दिला. संदेशाला नेहमीहून अधिक दर, आणि एकाच माणसाने कितीही वेळा मत द्यावे, त्याला मज्जाव नाही! ज्याचा खिसा जड त्याचे पारडे जड, असा हा लोकशाहीचा व्यापारी अर्थ होता. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला, तेव्हा मराठी घरांत आनंद झाला. त्या आनंदात दराचा हिशेब कोण करतो?

तिसऱ्या पर्वाची अंतिम फेरी २३ सप्टेंबर २००७ रोजी दिल्लीत झाली. उरलेले दोघेही स्पर्धक देशाच्या अशा भागांतून आलेले होते, ज्यांची नावे उर्वरित भारताच्या कानावर सहसा पूर, बंद नाहीतर गोळीबार यांच्या बातमीतच पडतात. एक दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, दुसरा शिलाँगचा अमित पॉल.

प्रशांतचे वडील कोलकाता पोलिसांत होते. सेवेत असतानाच त्यांचे निधन झाले आणि घर सांभाळण्यासाठी मुलाने शिपायाची वर्दी चढवली. पोलिसांच्या वाद्यवृंदात तो गात असे. शास्त्रशुद्ध तालमीचा गवई तो नव्हता, आणि त्याच्या गळ्याच्या मर्यादा परीक्षकांनी लपवल्याही नाहीत. पण डोंगरात वेगळेच वारे वाहू लागले होते. दार्जिलिंग, कालिम्पोंग, कर्सियांग येथे वर्गण्या जमल्या, तरुण रात्ररात्र जागून संदेश पाठवू लागले. चहाच्या मळ्यात राबणाऱ्यांनीही पदरचे पैसे घातले. त्याच्या पारड्यात सुमारे सात कोटी मते पडली, असे तेव्हा सांगितले गेले. वाहिनीचा आणि दूरध्वनी कंपन्यांचा गल्ला भरला, हे उघडच आहे. परंतु पैसे देणारे गाण्यासाठी देत नव्हते. ‘आम्हीही या देशाचे’ हे एकदा तरी साऱ्या देशाने ऐकावे, यासाठी ते देत होते.

शिलाँगची कथा त्याहून बोलकी. अमित हा बंगाली कुटुंबातला. १९७९ पासून तेथे खासी आणि बंगाली यांच्यात वारंवार दंगली झाल्या. बाहेरून आलेल्याला ‘डखार’ म्हणून हिणवले जाई. त्याच शिलाँगमध्ये खासी, जैंतिया, गारो आणि बंगाली एका मुलासाठी रस्त्यावर आले, आणि या वेळी हातात दगड नव्हते. मेघालय सरकारने त्याला शांतता आणि सलोख्याचा दूत म्हणून गौरविले. अनेक वर्षांच्या शांतता समित्यांना जे साधले नाही ते एका गळ्याने काही महिने का होईना साधले. या ‘काही महिने’कडेही दुर्लक्ष करू नये, अशा उमाळ्याची मुळे खोल नसतात.

निकालानंतर दिल्लीतील एका खासगी रेडिओ वाहिनीवरील निवेदकाने थट्टा केली. थट्टेचा मथितार्थ असा, की गुरखाच आता गायक झाला, तर रात्री आपल्या घरांवर पहारा कोण देणार? २८ सप्टेंबरला तिच्या निषेधार्थ सिलिगुडीत मोर्चा निघाला, त्याचे पर्यवसान हिंसाचारात झाले, संचारबंदी लागली, लष्कराला पाचारण करावे लागले. त्या वाहिनीचे प्रक्षेपण काही दिवस बंद ठेवण्याचा आदेश केंद्र सरकारने काढला.

वातानुकूलित खोलीत बसून केलेल्या त्या थट्टेत द्वेष नसेलही. जे होते ते अज्ञान, आणि ते केवळ एका निवेदकाचे नव्हते. आपल्या वसाहतींतही शिट्टी फुंकत फिरणाऱ्या माणसाला नाव विचारण्याची पद्धत नसते. ‘गुरखा’ म्हटले की भागते. आझाद हिंद सेनेचे ‘कदम कदम बढाये जा’ हे संचलनगीत कोणाला ठाऊक नाही? त्याची चाल बांधणारे कॅप्टन रामसिंह ठाकुरी हे गोरखा होते. त्याच सेनेचे मेजर दुर्गा मल्ल १९४४ मध्ये दिल्लीत फासावर गेले. १९६२ मध्ये लडाखच्या सिरिजाप चौकीवर चिन्यांशी झुंजून परमवीरचक्र मिळवणारे धनसिंह थापा हेही त्याच समाजाचे. नेपाळी भाषेला आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले ते १९९२ मध्ये, कोकणी आणि मणिपुरीच्या बरोबरीने, एकाच घटनादुरुस्तीने. म्हणजे गोमंतकाची भाषा आणि दार्जिलिंगची भाषा एकाच दाराने आत आल्या. हे किती मराठी घरांत माहीत असेल?

जेथे समाज गाफील राहतो तेथे राजकारण शिरते. १९८६ ते ८८ च्या रक्तरंजित गोरखालँड आंदोलनानंतर डोंगराची सूत्रे सुभाष घिशिंग यांच्याकडे होती. प्रशांतच्या बाबतीत ते उदासीन राहिले. त्यांचेच एकेकाळचे सहकारी विमल गुरुंग यांनी मात्र प्रचाराची धुरा उचलली आणि ७ ऑक्टोबर २००७ रोजी, निकालाला पुरता पंधरवडाही उलटला नसताना, गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. संदेशांसाठी उभे राहिलेले जाळे चळवळीच्या कामी आले. २००८ मध्ये घिशिंग यांना पद सोडावे लागले. २००९ मध्ये मोर्चाच्या पाठिंब्याने भाजपचे जसवंतसिंह दार्जिलिंगमधून लोकसभेवर गेले. २०११ मध्ये त्रिपक्षीय करार झाला. आणि तरीही २०१७ मध्ये डोंगर शंभरहून अधिक दिवस बंद होता. कोलकात्यात डावे गेले, तृणमूल आली, डोंगराचा प्रश्न तेथेच राहिला.

याला दुसरा मार्ग नाही असे नव्हे. विद्यार्थी परिषदेच्या ‘आंतरराज्य छात्र जीवन दर्शन’ उपक्रमात १९६० च्या दशकापासून पूर्वांचलातील विद्यार्थी देशाच्या इतर भागांत येतात आणि हॉटेलात नव्हे, कुटुंबांत राहतात. महाराष्ट्रातील अनेक घरांनी त्यांना आपल्या पंक्तीला बसवले आहे. त्या घरांतली मुले पुढे कोणाला ‘चिनी’ म्हणून हाक मारत नाहीत. तेथे मते मोजली जात नाहीत, कॅमेरा नसतो, म्हणून वृत्तपत्रांना त्याची खबर नसते. मात्र एका उन्हाळ्यात आठ-दहा मुले येऊन जाणे आणि सात कोटी संदेश, या दोहोंतील अंतर लहान नाही. यजमान घरांची यादी वाढवण्याचे काम शाखेशाखेच्या पातळीवर व्हायला हवे, आणि त्यासाठी कोणत्याही वाहिनीचा परवाना लागत नाही.

प्रशांत पुढे नेपाळी चित्रपटांत गेला. २०१० साली आलेल्या त्याच्या चित्रपटाचे नाव होते ‘गोरखा पल्टन’.