जिवावरचे दुखणे



मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण साखर कारखान्यांच्या द्वारसभांत झाले. तरी हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे.

पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळीतला एक तरुण पहाटे पोट दुखते म्हणून उठला. मुकादम म्हणाला, "सोडा पी आणि फडात चल." अंगावर उचल, खाडा कोण करणार? थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागल्या. सारे म्हणाले, झोप झाली नाही. दिवस वर येईतो त्याचा श्वास थांबला. कोपीत, अंथरुणाखाली मण्यार निघाली.

मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही. कित्येकदा खूणही दिसत नाही. रात्री भुईवर निजलेल्याला ती डसते. तिच्या विषाने मज्जातंतूंचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. पापण्या पडतात, गिळता येत नाही, शेवटी छाती हलायची थांबते. कोयत्याने बोट कापले की माणूस ओरडतो आणि टोळी धावते. हा मात्र गप्प पडून राहतो!

म्हणून वेदना हे माप नव्हे. तीन गोष्टी पाहा. श्वास नीट चालतो का? रक्त वाहून जात नाही ना, अंग गार घामाने भिजले नाही ना? शुद्ध आणि वाचा जागेवर आहे का, तोंड वाकडे किंवा हात लुळा नाही ना? यांतले एक जरी बिघडले, तरी दुखणे जिवावरचे समजा. छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर त्याला पित्त म्हणू नका. १०८ क्रमांक फिरवा. सर्पदंशावर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. प्रतिविष आणि कृत्रिम श्वास रुग्णालयातच मिळतो.

हे अडाण्याला कसे कळणार, असे कोणी विचारील. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायाही तेथे आरोग्यसेविका झाल्या. त्यांना कळले, ते आपल्याला का कळू नये?

पण नुसते कळून भागत नाही. त्या पहाटे कोणाला कळले असते, तरी फड सोडायची मुभा कोणी दिली असती? दुखणे जिवावरचे आहे की नाही, हे मुकादमाच्या हिशेबवहीने ठरवू नये. आजाऱ्याला आणि त्याच्यासोबत जाणाऱ्याला त्या दिवसाचा खाडा लागू नये, एवढी मागणी आपण एकमुखाने करू या.