नियतकालिकाची मुद्रा



नवे मासिक किंवा साप्ताहिक काढण्याचा संकल्प ज्यांच्या मनात घोळत असतो, अशा तरुण मंडळींची गाठ पडली म्हणजे त्यांचे बोलणे बहुधा नावापासून सुरू होते. नाव कोणते ठेवावे, शीर्षकाची अक्षरे कोणत्या वळणाची असावीत, मुखपृष्ठावर चित्र द्यावे की केवळ मजकुराची अनुक्रमणिका द्यावी, या प्रश्नांचा खल तासन् तास चालतो. हा खल व्यर्थ आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. विक्रेत्याच्या फळीवर शेजारीशेजारी मांडलेल्या अंकांतून आपला अंक वाचकाच्या नजरेत भरला नाही, तर आतील मजकूर कितीही मोलाचा असला तरी तो वाचला जाण्याचा संभवच उरत नाही. परंतु नियतकालिकाला जे व्यक्तिमत्त्व येते आणि वर्षानुवर्षे टिकते, ते पहिल्या अंकात वाचकाला दिलेल्या वचनातून व त्या वचनाच्या प्रत्येक अंकात होणाऱ्या पालनातून येते, हे मला आज आग्रहाने सांगावयाचे आहे.

शिवकालीन पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की, पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब उमटे. माथ्यावरच्या मुद्रेने हा हुकूम कोणाचा हे कळे, आणि अखेरच्या मोर्तबाने त्याखाली कोणास पदरचे काही लिहिता येऊ नये असा बंदोबस्त होई. नियतकालिकासही ही दोन्ही लागतात: आपण कोण हे सांगणारे शीर्षक, आणि आपण काय छापणार नाही ही मर्यादा.

मराठी वृत्तपत्रांच्या आरंभापासून हे दिसून येते. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेव्हा पृष्ठाचे दोन स्तंभ करून एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी मजकूर दिला. हे पत्र एकीकडे राज्यकर्त्यांशी व दुसरीकडे स्वदेशीयांशी बोलू इच्छिते, नवी विद्या आणि देशभाषा यांची सांगड घालू इच्छिते, हे एक अक्षर वाचण्यापूर्वीच पृष्ठाच्या नुसत्या मांडणीवरून कळत असे. बाह्य रूप आणि अंतरीचा हेतू यांची अशी एकवाक्यता साधली म्हणजे निराळ्या शोभेची गरज राहत नाही.

'केसरी'चे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. 4 जानेवारी 1881 रोजी, मंगळवारी, त्याचा पहिला अंक निघाला. शिरोभागासाठी निवडलेला श्लोक जगन्नाथ पंडितांच्या 'भामिनीविलासा'तील होता. मदांध गजराजाला तेथे बजावलेले आहे की, या घोर अरण्यात क्षणभरही थांबू नकोस, कारण हत्ती समजून मोठमोठ्या शिळा नखांनी फोडणारा सिंह येथे गुहेत निजलेला आहे. परकीय सत्तेच्या अमलाखाली हे शब्द दर आठवड्यास वाचणाऱ्या माणसाला हत्ती कोण आणि सिंह कोण हे समजावून सांगण्याचे कारण नव्हते. परंतु एवढ्या प्रखर श्लोकाखाली मिळमिळीत मजकूर छापला गेला असता तर त्याच श्लोकाने पत्राची शोभा केली असती. श्लोकाला अर्थ आला तो खालच्या अग्रलेखांमुळे, आणि पुढे त्या लेखांपायी टिळकांनी सोसलेल्या कारावासांमुळे.

याच पत्राच्या इतिहासातील दुसरी घटना मला तितकीच उद्बोधक वाटते. पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांचा सामाजिक सुधारणेविषयीचा आग्रह आणि सहकाऱ्यांचे मत यांचा मेळ बसेना, तेव्हा आगरकर 1887 साली 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' काढले. नव्या पत्राच्या नावातच त्यांची सारी प्रतिज्ञा आली. एकाच शीर्षकाखाली दोन परस्परविरोधी सूर निघत राहिले असते, तर वाचकाचा दोहोंवरचा विश्वास उडाला असता. दोन्ही पक्षांनी आपापले निशाण निराळे केले म्हणून महाराष्ट्राला दोन्ही आवाज स्वच्छ ऐकू आले.

शिरोभागाची निवड किती विचारपूर्वक करता येते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले आणि त्याच्या माथ्यावर तुकोबांचे चरण घातले. भीड धरून आता काय करू, निःशंकपणे तोंड उघडले आहे, मुक्यांचा जगात कोणी वाली नसतो, असा त्यांचा आशय. पुढे 3 एप्रिल 1927 रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहाला दोन आठवडे होतात न होतात तोच, 'बहिष्कृत भारत' निघाले आणि त्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या आल्या, ज्यांत अर्जुनाला हाती धनुष्य घेऊन रथावर आरूढ होण्यास सांगितले आहे. भीड सोडून बोलणे येथपासून शस्त्र उचलून उभे राहणे येथपर्यंत एका समाजाने सात वर्षांत केलेली वाटचाल या दोन शिरोभागांत वाचता येते. ज्या संतांच्या वाणीचा अभिमान सारा महाराष्ट्र सांगतो, तिच्यावर आपलाही हक्क आहे, हे त्या निवडीने कोणताही वाद न घालता प्रस्थापित केले. काळाबरोबर रूप पालटूनही मूळ सूर कायम ठेवता येतो, याचा याहून उत्तम दाखला मला आढळलेला नाही.

आता थोडे निराळ्या प्रांतात जाऊ. औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नांगर तयार होत, आणि त्या कारखान्याचे वर्तमान कळविण्यासाठी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे छोटे पत्र निघू लागले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनी या पत्राला रेखाचित्रांची, व्यंगचित्रांची आणि नेटक्या मांडणीची जोड दिली, उद्योगप्रियता आणि बुद्धिवाद हा त्याचा स्थायीभाव केला, आणि बघता बघता कारखान्याच्या खबरपत्राचे सबंध महाराष्ट्राचे मासिक झाले. पुढे स्त्रियांचे प्रश्न मांडावयाचे ठरले तेव्हा त्यांनी 1930 साली 'स्त्री' हे स्वतंत्र मासिक काढले, आणि तरुणांसाठी 1934 साली 'मनोहर' सुरू केले. एकाच अंकात सर्वांसाठी सर्व काही कोंबण्याचा मोह त्यांनी टाळला. तीनही मासिकांचे घराणे एक, पण प्रत्येकाचा वाचक निराळा आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा.

मर्यादेचे उदाहरण द्यावयाचे तर 'सत्यकथा' या मासिकाचे द्यावे लागेल. कथा किंवा कविता परत पाठविताना श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाला तपशीलवार पत्र लिहीत, कथेचा कोणता भाग सैल आहे, कोठे पुनर्लेखन हवे, याची चर्चा करीत. त्यामुळे 'सत्यकथे'त नाव छापून येणे ही नवोदितास मोठी सनद वाटे. जे मासिक नाकारण्याचे कष्ट इतक्या निष्ठेने घेते, त्याच्या स्वीकाराला आपोआप किंमत येते.

या सर्वांवरून नव्या संपादकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट, जाहीरनामा आटोपशीर लिहावा आणि त्यात पाळता येईल तेवढेच कबूल करावे. राजकारण, विज्ञान, काव्य, पाककृती आणि भविष्य ही सारी देण्याची हमी देणारा अंक कोणाचाच होत नाही. दुसरी गोष्ट, मुदत चुकवू नये. ठरल्या वारी अंक हाती पडणे ही वर्गणीदाराच्या दृष्टीने संपादकाच्या चारित्र्याची पहिली खूण असते. तिसरी गोष्ट, शीर्षकाचे अक्षर, सदरांचा क्रम आणि शुद्धलेखनाची पद्धत एकदा ठरली की क्षुल्लक सबबीवर ती बदलू नये. चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट जाहिरातींची. ज्या मालाची भलामण आपण अग्रलेखात कधीही करणार नाही, त्याची जाहिरात मागील पृष्ठावर घेतली तर ती रक्कम आपल्या इभ्रतीच्या खात्यातून वजा होते. वाचक ते बोलून दाखवीत नाही. वर्षअखेरीस वर्गणी पाठवीत नाही, इतकेच.

म्हणून माझी अशी सूचना आहे की, प्रत्येक संपादकाने वर्षातून एकदा आपला पहिला जाहीरनामा दप्तरातून काढावा, शेजारी त्या वर्षाचे सर्व अंक ठेवावेत आणि कलमवार रुजुवात घालावी. जेथे आपण वचनाबाहेर गेलो तेथे का गेलो याची कैफियत वाचकांपुढे उघडपणे मांडावी, आणि वचनच बदलावयाचे असेल तर तेही जाहीरपणे बदलावे. हा हिशेब जो संपादक चुकता करील, त्याच्या अंकाचे मुखपृष्ठ फाटून गेले तरी आतले कोणतेही पान वाचून वाचक त्याचे नाव सांगू शकेल.